पांढऱ्याचे दोन हात

माझं तोंड फटकळ. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाईट वाटायला नको. उभा जन्म जळगावात दुकानांचे बोर्ड रंगवण्यात गेला, आणि कोणी मागे उभं राहून अक्कल शिकवली की तळपायाची आग मस्तकात जायची. लीलाधर सरांशी माझी ओळख झाली ती भांडणातूनच.

चौऱ्याऐंशी साल असेल. केवलचंद शेठच्या कापडदुकानाचा बोर्ड मी नुकताच पुरा केला होता. निळ्या जमिनीवर पिवळी अक्षरं, खाली लाल सावली. शिडीवरून उतरलो, चार पावलं मागे सरकलो आणि आपलंच काम बघत बिडी पेटवली. शेजारी एक उंच, वाळका माणूस सायकल धरून उभा होता. पांढरा सदरा, खिशाला शाईचा डाग. बराच वेळ बोर्डाकडे बघून तो म्हणाला, "अक्षर झकास. पण तुझा हात दिसत नाही रे."

आता आमच्या धंद्यात हात म्हणजे रंगाचा थर. पहिला हात, दुसरा हात, तिसरा हात. गिऱ्हाईक विचारतं, किती हात मारणार? आम्ही सांगतो, दोन मारू, नाहीतर तीन. हात दिसत नाही म्हणजे मी रंगात चोरी केली, कमी हातांत काम उरकलं, असाच त्याचा अर्थ. आणि तोही शेठच्या दारात, भर बाजारात!

"तीन हात मारलेत, तीन!" मी ओरडलो. "ये, नखाने खरवडून बघ. खाली पत्रा दिसला तर मिशी उतरवून देईन!"

केवलचंद शेठ गादीवरून उठून बाहेर आले. "काय झालं अभिमन? कशाला बोंबलतो?"

तो माणूस हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. "अरे बाबा, रंगाचा हात नाही म्हणत मी. हा हात." आणि स्वतःचा पंजा त्याने माझ्या नाकासमोर धरला. "हे कोण्या माणसाने केलंय हेच कळत नाही. मशीनने छापल्यासारखं वाटतं."

"मग? तेच तर आमचं काम आहे!"

"हो, तुझं तेच काम आहे. माझं नेमकं उलटं आहे." सायकलवर टांग टाकत तो म्हणाला, "गुरुवारी घरी ये. मला पांढऱ्याचा एक हात मारून पाहिजे. तुझ्याइतका सपाट हात गावात कोणी मारत नाही."

तो गेल्यावर शेठनी सांगितलं, शाळेतले ड्रॉइंगचे मास्तर आहेत, लीलाधर सर. सांगता सांगता त्यांनी कपाळाजवळ एक बोट नेऊन गोल फिरवलं. मी म्हटलं, ते मला दिसलंच.

तरी गुरुवारी गेलो. सर शनिपेठेत राहायचे, दोन खोल्यांत. मागच्या खोलीत संसार आणि पुढच्या खोलीत भिंतीला टेकवून प्लायवूडच्या सात फळ्या, एकेक पुरुषभर उंच. मला वाटलं, देखावे असतील, निदान एखादी गाय तरी असेल. काही नाही. वरपासून खालपर्यंत नुसत्या आडव्या रेघा. बारीक ब्रशने काढलेल्या, करड्या, एकीखाली एक, बोटभर अंतराने. पहिल्या फळीवर तेच, सातवीवर तेच.

"हे काय? वही आखली?" मी विचारलं.

आतून त्यांच्या बायकोचा, सुमनवहिनींचा आवाज आला. "विचारा भाऊ, विचारा! शेजारचे रोज विचारतात. काय वो सर, पोरांच्या वह्या आखू राह्यले का? मला मेलीला काय उत्तर द्यावं ते सुचत नाही."

सर शांतपणे ब्रश धूत होते. मी जवळ जाऊन रेघा बघितल्या. एकही सरळ नव्हती. कुठे जाड, कुठे बारीक, कुठे मधेच जरा थरथरलेली. मला राहवेना. "सर, चुन्याची दोरी मारून देतो. अर्ध्या दिवसात सातही फळ्या आखून होतील, आणि सुतासारख्या सरळ."

"दोरीने आली तर ती दोरीची रेघ होईल."

"मग तुमचीच काढा, पण पट्टी लावून काढा!"

"अभिमन," ते म्हणाले, "मी प्रत्येक रेघ वरच्या रेघेसारखीच काढायला जातो. अगदी तशीच. आणि ती तशी येत नाही. जेवढी येत नाही ना, तेवढाच मी."

मला काडीइतकंही कळलं नाही. पण त्यांनी एक डबा पुढे केला. त्यात त्यांनी स्वतः बनवलेला पांढरा रंग होता. झिंक व्हाइट, जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन. कशात किती, ते त्यांनी मला कधीच सांगितलं नाही. ताकासारखा पातळ. त्याचा एक हात सातही फळ्यांना मारायचा, ब्रशची खूण कुठे राहू द्यायची नाही, एवढंच माझं काम. मारला. खालच्या रेघा पुसल्या गेल्या नाहीत, फक्त आत गेल्या. म्हातारीच्या मनगटावर शिरा दिसतात तशा दिसत राहिल्या. मग हा हात वाळला की सर त्यावर पुन्हा पहिल्या फळीपासून नव्या रेघा काढायला घेणार. सातही फळ्या भरायला त्यांना वर्ष लागायचं. शाळा सांभाळून दिवसाला दोन रेघा, कधी तीन. वर्ष झालं की माझ्याकडे निरोप यायचा. मी गेलो की सर दारातच डबा पुढे करून दोन शब्द म्हणायचे, "हात दे."

एकदा नाही, आठ वर्षं. दर वर्षी तेच दोन शब्द. हात दे.

मधल्या वर्षभरातही मी सुट्टीच्या दिवशी जाऊन बसायला लागलो. का, ते सांगता येत नाही. घरी बायको म्हणायची, तिथे काय हंडा पुरलाय का? मी तिला उडवून लावायचो. पण बघून बघून मला त्या रेघा वाचता यायला लागल्या. इथे सरांना खोकला आला. इथे वहिनींनी आतून हाक मारली. एकदा चौथ्या फळीवर एक रेघ बघितली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत जाड आणि ओली. विचारलं, "ही अशी का?"

"त्या दिवशी आई गेली," सर म्हणाले. "भडगावहून माणूस निरोप घेऊन आला, तेव्हा निम्मी झाली होती. पुरी केली आणि निघालो."

"मग नंतर नीट का नाही केली?"

"ती त्या दिवसाची आहे. नीट कशाला करायची?"

त्या दिवशी घरी जाताना मी केवलचंद शेठच्या बोर्डासमोर सायकल थांबवली. सुरेख अक्षरं होती. तो रंगवला त्याच वर्षी माझा बाप गेला होता, आणि त्या बोर्डावर त्याचं काही नव्हतं. त्यानंतर सरांना वेडा म्हणणाऱ्या दोघांशी मी भांडलो, आणि एकाची तर कॉलर धरली.

त्या फळ्या बघायला कधी कोणी आलं नाही, हेही सांगतो. एकदा सरांनी लहान कागदांवर तशाच रेघा काढून मुंबईला कुठे पाठवल्या होत्या. महिन्याने पाकीट जसंच्या तसं परत आलं. वहिनींनी त्या कागदांनी डब्यांच्या फडताळात तळ झाकला. सरांनी बघितलं आणि म्हणाले, बरे बसलेत. पण त्या सात फळ्या म्हणजे त्यांचं सर्वस्व होतं. मूल नव्हतं, शेती नव्हती. ह्या माणसाच्या आयुष्यातला एकेक दिवस त्या लाकडावर होता, आणि तो वाचता येणारा दुसरा माणूस अख्ख्या जळगावात मी एकटा होतो. मी!

ब्याण्णव सालच्या मे महिन्यात सरांना लकवा झाला. जळगावचा तो उन्हाळा, दुपारी कावळासुद्धा दिसत नव्हता. वहिनी आत भाकरी थापत होत्या, त्यांना ब्रश पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ सर पडल्याचा. उजवी बाजू पूर्ण गेली, वाचा गेली. इथल्या डॉक्टरने धुळ्याला हलवायला सांगितलं, आणि वहिनींचे भाऊही तिथेच राहतात, म्हणून त्याच रात्री त्यांना धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. मला तीन दिवसांनी कळलं. हातातला बोर्ड तसाच टाकला, एस. टी. पकडली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, मला काही दिसलं नाही. नुसता शिव्या घालत होतो, कोणाला ते माहीत नाही.

वॉर्डात सर खाटेवर पडले होते. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात चादरीवर दुसऱ्याच कोणाचा आणून ठेवल्यासारखा. मला बघवेना. बाहेर व्हरांड्यात गेलो, रडलो, नळाखाली तोंड धुतलं आणि परत आलो. वहिनी औषधं आणायला खाली गेल्या होत्या. डॉक्टर फेरीवर होते. ते मला मुलगाच समजले आणि म्हणाले, "जीव वाचला हेच नशीब. उजवा हात आता परत येईल असं वाटत नाही."

डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले. सरांनी डोळे उघडले. मला ओळखलं, कारण तोंडाची जी बाजू हलत होती ती हलली. मग त्यांनी डावा हात चादरीवरून जरासा उचलला आणि जीभ ओढत ओढत म्हणाले, "हा... हात... दे."

मी वाकलो. "काय सर?"

"हात... दे."

आठ वर्षं ऐकलेले तेच दोन शब्द! काय सांगू तुम्हाला, माझ्या अंगात वारं शिरलं. म्हटलं, डॉक्टर गेला खड्ड्यात! माणूस वाचा गेल्यावर पहिला शब्द बोलतोय तो कामाचा. सर हरलेले नाहीत. सर मला सांगताहेत, अभिमन, फळ्या तयार ठेव, मी येतोय, उजवा नाहीतर डावा, पण रेघा काढणार.

"देतो सर!" मी म्हणालो. "आज जातो आणि उद्या देतो!"

त्यांचा हात तसाच उचललेला होता. मी नमस्कार केला आणि निघालो. दारातून वळून बघितलं तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला वाटलं, समाधानाचं. जिन्यात वहिनी भेटल्या. म्हटलं, सरांनी घरचं एक काम सांगितलंय, किल्ली द्या. त्यांनी कनवटीची किल्ली काढून दिली. "बोलले तुमच्याशी?" त्या म्हणाल्या. "देव तुमचं भलं करो भाऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शनिपेठेतली ती खोली उघडली. ब्रश जमिनीवर तसाच पडला होता, केस वाळून कडक झालेले. सातव्या फळीवर खालून तिसरी रेघ. ती डावीकडून चांगली निघाली होती, निम्म्यापर्यंत आली होती, आणि तिथून एकदम खाली घसरत, खालच्या दोन रेघांची जागा कापत फळीच्या कडेपर्यंत गेली होती. सरांचा हात जिथे सुटला ती जागा होती ती.

मला ती बघवेना. खरं सांगतो, तिथेच माझी मती फिरली. म्हटलं, घरी आल्या आल्या ह्या माणसाने हे बघायचं? स्वतःचं पडणं? छे! त्यांना कोरी जमीन पाहिजे. नव्याने सुरुवात करायची तर पाटी स्वच्छ पाहिजे.

सरांचा पांढऱ्याचा डबा उघडला तर आत साय धरून दगड झाला होता. मग मी दुकानातून आमचा रंग आणला, दारांना वापरतो तो. तो रंग घासलेल्या जमिनीवरच धरतो, म्हणून आधी काचपेपर घेतला आणि सातही फळ्या घासल्या. हलकंच घासलं, पण घासलं. करडी पूड खाली पडली ती केरसुणीने लोटली. मग पहिला हात मारला. संध्याकाळी बघतो तर रेघा दिसत होत्या, आणि ती घसरलेली सगळ्यात जास्त. माझ्या कामात असं ठिगळ कधी राहिलेलं नाही. तिसऱ्या दिवशी दुसरा हात मारला. जीव ओतून मारला. उभ्या जन्मात इतकं सपाट काम केलं नव्हतं. एक ओघळ नाही, ब्रशचा एक केस नाही. दार लावून घेताना मी स्वतःच म्हणालो, वा रे पठ्ठे!

चौथ्या दिवशी केळीची फणी घेऊन धुळ्याला गेलो. सरांना झोप लागली होती. त्यांच्या खाटेवर एक म्हातारी बसली होती, शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची आई, शिंदखेड्याकडची सुगंधाबाई. तिने सरांचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला होता.

मला बघून ती हळूच म्हणाली, "ये भाऊ, बस. आत्तेच डोया लागना तेस्ना. बठ्ठा दिन एकच बोलतस, हात दे, हात दे. हात धरा का गपचूप झोपी जातस. लेकरूना गत."

मी उभाच राहिलो.

पलीकडे बसलेल्या वहिनी स्टुलावरून उठल्या. पहिल्यांदाच हसल्या असतील आठवड्यात. "हो ना, दिवसभर हात दे, आणि धरला की झोप. मी उठले की ह्या धरतात, ह्या उठल्या की नर्सबाई धरते. कोणाचाही चालतो. त्या दिवशी तुमच्याकडेही मागितला असेल, नाही?"

मी मान हलवली.

"आणि कालपासून नवीन शब्द आलाय," वहिनी म्हणाल्या. "रेघ. घरी जायचं, रेघ बघायची. कुठली रेघ विचारलं तर बोटाने असं दाखवतात." आणि वहिनींनी हवेत बोट आडवं ओढलं, मध्यावर आणलं आणि एकदम खाली सोडलं. "असं. काय असेल हो ते? तुम्हाला कळतं त्यांचं."

कळलं. सगळं कळलं. मी खाटेची कड धरून खाली बसलो. वहिनींना वाटलं, उन्हाने झालं. त्यांनी मला पाणी दिलं, कांदा हुंगायला दिला. तिथेच सांगायचं ना, गाढवा! दोन वाक्यं होती. पण माझं हे फटकळ तोंड, अख्खा बाजार ज्याला घाबरायचा, ते नेमकं त्या दिवशी शिवल्यासारखं बंद राहिलं. केळी उशाशी ठेवली आणि चोरासारखा निघून आलो.

रात्र कशी काढली ते सोडा. पहाटे सरांच्या खोलीत गेलो आणि सातव्या फळीचा कोपरा टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसायला घेतला. माझा पांढरा निघाला, त्याबरोबर खालची करडी रेघही निघाली, त्याखालचा सरांचा पांढरा, त्याखालची आदल्या वर्षीची रेघ. सगळ्याचा मिळून राखेसारखा चिखल झाला. अजून घासलं तर लाकूड दिसलं. आईची रेघ चौथ्या फळीवर खोल कुठेतरी होती, ती शोधायची माझी हिंमत झाली नाही. तो कोपरा पुन्हा पांढरा करून टाकला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. खालच्या रेघा मी झाकल्या होत्या, वरच्या तर निम्म्या आधीच घासून, केरात लोटून उकिरड्यावर टाकल्या होत्या. माझ्याच हाताने.

पंधरा दिवसांनी सरांना घरी आणलं. मी आणि वहिनींच्या भावाने त्यांना उचलून आत नेलं. वहिनी मागच्या खोलीत गादी घालत होत्या, पण सरांनी डावा हात पुढच्या खोलीच्या भिंतीकडे केला. तिथे खुर्ची ठेवली, त्यांना बसवलं. वहिनींनी खिडकी उघडली.

सर बघायला लागले. पहिली फळी, दुसरी, तिसरी. चौथ्या फळीवर थांबले. मग मान हळूहळू वळत सातवीकडे गेली आणि खाली, त्या जागेवर जाऊन थबकली. त्यांनी डोळे मिटले. डाव्या हाताने चोळले. पुन्हा बघितलं.

"नाही... दिसत," ते म्हणाले.

वहिनींनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "डॉक्टर म्हणालेच होते, नजरेवर जरा परिणाम होईल. येईल हळूहळू. मला तरी कुठे धड दिसायच्या त्या रेघा?" मग माझ्याकडे वळल्या. "भाऊ, तुम्ही सांगा ना त्यांना. आहेत की नाही?"

हा प्रसंग मी मनात हजार वेळा पुन्हा उभा केला आहे. प्रत्येक वेळी खरं बोलतो. त्या दिवशी म्हणालो, "आहेत सर. सगळ्या आहेत."

सर रडायला लागले. लकव्याच्या माणसाचं रडणं वाईट असतं, निम्मं तोंड रडतं आणि निम्मं तसंच राहतं. हात गेला तो गेला, आता डोळेही गेले म्हणून तो माणूस रडत होता, आणि डोळे चांगले होते त्याचे! वहिनी पदराने त्यांचं तोंड पुसत होत्या. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो आणि तोंडातून शब्द काढत नव्हतो.

थोड्या वेळाने ते शांत झाले. त्यांनी खुर्ची पुढे घ्यायची खूण केली. मीच घेतली. मग त्यांनी डावा पंजा सातव्या फळीवर ठेवला आणि डावीकडून उजवीकडे ओढत नेला. जरा खाली घेतला, पुन्हा ओढत नेला. मधेच थांबला. पंजा उचलून फक्त बोटांची टोकं टेकवली आणि अगदी हळू फिरवली. एक गाठ नाही, एक खरखर नाही. आठ वर्षं माझं काम त्या बोटांच्या ओळखीचं होतं.

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. नजर सरळ माझ्या डोळ्यांत.

"अभिमन," ते म्हणाले.

स्पष्ट. एकही अक्षर न ओढता.

"अगं बाई!" वहिनी ओरडल्या. "नाव घेतलं! पूर्ण नाव घेतलं! माझंसुद्धा अजून घेतलेलं नाही. भाऊ, तुमचंच घेतलं हो पहिलं!" आणि त्या आत पळाल्या, साखरेचा डबा घेऊन आल्या. चिमूटभर त्यांनी सरांच्या जिभेवर ठेवली आणि मूठभर माझ्या तळहातावर. सर माझ्याकडे बघतच होते. वहिनी म्हणाल्या, "खा ना भाऊ." मी ती साखर खाल्ली.

सर दिवाळीपर्यंत होते. फळ्यांकडे त्यांनी पुन्हा बघितलं नाही, आणि वहिनींना काही सांगितलंही नाही. सांगता आलं नाही की सांगायचं नव्हतं, देव जाणे. मी रोज जायचो. अंग पुसायला, कूस बदलायला, बसायला. दुपार झाली की ते अस्वस्थ व्हायचे, डावा हात चादरीवरून उचलायचे आणि म्हणायचे, हात दे. मी उशाशीच बसलेला असायचो. पण त्यांचा हात माझ्यावरून पलीकडे जायचा. वहिनींचा धरायचे. वहिनी कामात असल्या तर शेजारणीचा, नाहीतर दूध घालायला आलेल्या हिलालचा. हिलाल बिचारा, चरवी खाली ठेवून, दुधाने ओले हात धोतराला पुसून उभा राहायचा. सरांना झोप लागेपर्यंत तो तसाच उभा असायचा, आणि मी त्याच्यासाठी स्टूल सरकवायचो.